कॅमेरा ड्रोन नवीनच घेतलाय: सराव कुठे करू आणि आरटीएच बटणावर किती भिस्त ठेवू?

मोरपीस

नमस्कार मंडळी. ओळखीत एकांकडून 249 ग्रॅमचा घडीचा कॅमेरा ड्रोन घेतला आहे. सोबत दोन बॅटऱ्या, रिमोट आणि सुटी पाती आहेत. सेन्सर फक्त खालच्या बाजूला आहेत, पुढे-मागे काही नाही. याआधी खेळण्यातलाही कधी उडवलेला नाही.

राहायला इंदिरानगरला, माहेर लासलगावजवळ. तिथे लाल कांदा निघालेलं एक वावर सध्या मोकळं आहे, शेजारी द्राक्षबाग. पुढेमागे बागेचा वरून एक नीट व्हिडिओ करायचा आहे.

विचारायचं असं की पहिला सराव गच्चीवर केला तर चालेल का, गच्चीला कठडा आहे. पात्यांना गार्ड लावावेत का? आणि सगळे म्हणतात की रिटर्न टू होमचं (आरटीएच) बटण दाबलं की तो आपोआप घरी येतो. तसं असेल तर मग अपघात होतात कसे? नेमकं काय शिकायचं, कोणत्या क्रमाने, ते सांगा.

गोदातीर

ताई, गच्ची विसरा. इंदिरानगरपासून गांधीनगरची आर्मी एव्हिएशनची धावपट्टी जवळ आहे आणि तिथे हेलिकॉप्टरचं प्रशिक्षण चालतं. सरावाची हेलिकॉप्टरं बरीच खाली येतात. पाव किलोचा ड्रोन रोटरमध्ये गेला तर काय होईल याचा विचारसुद्धा नको. शिवाय देवळालीचा तोफखान्याचा परिसर, नाशिकरोडचे नोटांचे आणि सिक्युरिटी प्रेस, मध्यवर्ती कारागृह, एकलहऱ्याचं वीज केंद्र. शहराचा दक्षिण-पूर्व भाग असा जागोजागी बंद आहे. उत्तरेला ओझरला एचएएलचा विमान कारखाना आणि हवाई दल. दिंडोरी रस्त्याला मोकळी रानं दिसतात म्हणून कोणी जानोरी-मोहाडीकडे जातं, पण ती गावं ओझरच्या विमानतळाला खेटून आहेत.

नियम थोडक्यात. 2021 च्या ड्रोन नियमांनुसार 250 ग्रॅमपर्यंतचा ड्रोन नॅनो, त्यापुढे 2 किलोपर्यंत मायक्रो. नॅनोला पायलट सर्टिफिकेट लागत नाही, मायक्रोलाही बिगर-व्यावसायिक वापरासाठी लागत नाही. पण झोनचे रंग सगळ्यांना सारखेच. हिरव्या झोनमध्ये जमिनीपासून 120 मीटरपर्यंत वेगळी परवानगी लागत नाही. विमानतळाच्या हद्दीपासून 8 ते 12 किमीच्या पट्ट्यात ही मर्यादा 60 मीटर. पिवळ्या झोनला एटीसीची, म्हणजे हवाई वाहतूक नियंत्रणाची परवानगी, लाल झोनला केंद्र सरकारची. नियम मोडल्यास दंड 1 लाख रुपयांपर्यंत. सरकारच्या डिजिटल स्काय साइटवरचा झोनचा नकाशा उघडून लासलगावचं वावर नेमकं शोधा. ओझर तिथून तीसेक किमी आहे, त्यामुळे विमानतळाचा अडसर नसावा. तरी उडवायच्या दिवशी सकाळी नकाशा पुन्हा पाहा, कारण तात्पुरती बंदी कधीही लागू शकते.

व्हिडिओ करायला नांदूरमध्यमेश्वरला जायचा मोह होईल. ते अभयारण्य आहे, आणि हिवाळ्यात तिथे स्थलांतरित पक्ष्यांचे थवे उतरलेले असतात. तिकडे ड्रोन नेऊ नका. पांडवलेणी पुरातत्त्व खात्याकडे, अंजनेरीचं रान वनखात्याकडे. रामकुंडावर गर्दी कायमची, आणि माणसांच्या डोक्यावरून उडवणं नवशिक्याने काय, कोणीच करू नये.

ड्रोन दुसऱ्याकडून घेतला आहे म्हणून दोन गोष्टी आधी उरकून घ्या. त्याला युआयएन, म्हणजे नोंदणीचा नंबर घेतलेला असेल तर तो तुमच्या नावावर करून घ्या. आणि ॲपमध्ये तो जुन्या मालकाच्या अकाउंटला जोडलेला असेल तर त्यांनाच तो सोडवायला सांगा. हे राहिलं तर ऐन वावरात ॲप अडून बसतं.

काटकोन

आरटीएचबद्दल आधी, कारण बहुतेक अपघातांचं मूळ तिथेच असतं.

ते बटण ड्रोनला घरी आणत नाही. ड्रोनने 'होम पॉइंट' म्हणून जी जागा नोंदवली आहे तिथे आणतं, तुम्ही आधी ठरवलेल्या उंचीवरून, सरळ रेषेत. तुमच्या मॉडेलला पुढे सेन्सर नाहीत, म्हणजे त्या रेषेत झाड, तार, डोंगर काहीही असो, तो जाऊन धडकणार. म्हणून तीन गोष्टी उडवण्याआधी पक्क्या करायच्या.

पहिली, होम पॉइंट. रिमोट आणि ड्रोन सुरू केल्यावर सॅटेलाइटची संख्या 10-12 च्या वर जाऊ द्या आणि 'होम पॉइंट नोंदवला' असा संदेश येईपर्यंत थांबा. थंड पडलेल्या ड्रोनला कधीकधी दोन-तीन मिनिटं लागतात. घाईने आधीच उडवलात तर सॅटेलाइट हवेत असताना मिळतात आणि होम पॉइंट त्या क्षणी ड्रोन जिथे असेल तिथला धरला जातो. तो शेजाऱ्याच्या विहिरीवरचा असू शकतो.

दुसरी, आरटीएचची उंची. आसपासची सगळ्यात उंच वस्तू अधिक 15 मीटर. ॲपमधली उंची ही उड्डाणाच्या जागेपासून मोजलेली असते, खालच्या जमिनीपासून नव्हे. सपाट वावरात फरक पडत नाही. टेकडीच्या पायथ्याशी उभं राहून उडवलंत तर ॲप 40 मीटर दाखवत असताना ड्रोन उतारापासून 5 मीटरवर असू शकतो. उलट सुळक्यावरून दरीकडे नेलात तर ॲप 20 म्हणतं आणि जमिनीपासूनची उंची 120 च्या केव्हाच पुढे गेलेली असते.

तिसरी, सिग्नल तुटला तर काय करायचं याचं सेटिंग. पर्याय तीन असतात: परत येणे, जागीच थांबणे, उतरणे. उघड्या वावरात 'परत येणे' ठेवा. झाडाखाली किंवा शेडमध्ये असाल तर 'जागीच थांबणे', नाहीतर सिग्नल गेल्याबरोबर तो वर चढून छताला आपटेल.

आणखी एक. ड्रोन होम पॉइंटच्या जवळ असेल तर बरीच मॉडेलं ठरवलेल्या उंचीवर चढतच नाहीत. आहे त्या उंचीवरून येतात किंवा तिथेच उतरायला लागतात. हे अंतर मॉडेलनुसार बदलतं, मॅन्युअलच्या आरटीएच प्रकरणात मिळेल. पंधरा मीटरवरच्या लिंबामागे ड्रोन गेला म्हणून बटण दाबलं आणि तो थेट लिंबात घुसला, असं होतं ते यामुळे.

परत येताना काहीतरी चुकतंय असं दिसलं तर तेच बटण पुन्हा दाबून किंवा पॉझ दाबून थांबवता येतं. पहिल्याच दिवशी, ड्रोन समोर 30 मीटरवर असताना, आरटीएच सुरू करणे आणि मध्येच रद्द करणे हे पाच-सहा वेळा करा. बोटाला ती सवय लागली पाहिजे.

आता क्रम. ॲपमध्ये कमाल उंची 30 मीटर आणि कमाल अंतर 50 मीटर करून ठेवा. वेगाचा मोड सगळ्यात संथ, म्हणजे सिने. स्पोर्टला हात लावू नका.

पहिली बॅटरी फक्त हवेत स्थिर ठेवण्यात घालवा. दोन मीटरपर्यंत नेऊन तिथेच धरायचा, शेपटी तुमच्याकडे. कमरेच्या उंचीवर ठेवला तर स्वतःच्याच पात्यांचा वारा जमिनीवरून परतून त्याला हलवतो, म्हणून थोडा वर. मग एकेक हालचाल सुटी करा: डावी स्टिक वर-खाली म्हणजे उंची, डावी-उजवी म्हणजे जागच्या जागी वळणं, उजवी स्टिक पुढे-मागे आणि बाजूला सरकणं. दोन स्टिक एकत्र चालवायच्या नाहीत. जमिनीवर चार कांद्याच्या गोण्या 10 मीटरच्या चौकोनात ठेवा आणि शेपटी कायम तुमच्याकडे ठेवून चारही कोपऱ्यांवर थांबत फिरवा.

खरी परीक्षा पुढे आहे. ड्रोनचं तोंड तुमच्याकडे वळवलं की डावं-उजवं उलटं होतं. नवशिका इथे घाबरून स्टिक दाबून धरतो आणि ड्रोन दुप्पट वेगाने चुकीच्या दिशेला जातो. गोंधळ झाला तर दोन्ही अंगठे उचला, बस. जीपीएस असेल तर तो थांबतो. मग तोंड-आपल्याकडे हाच चौकोन, इतका वेळ की डावं-उजवं आठवावं लागू नये. त्यानंतर प्रत्येक बाजूला तोंड त्या दिशेला वळवत चौकोन, मग गोल, मग मराठी चार आकड्यासारखी एकमेकींना छेदणारी दोन वळणं. ही वळणं सिने मोडमध्ये गुळगुळीत जमली की व्हिडिओ आपोआप चांगला यायला लागतो, कारण चित्रीकरणात लागतात त्या हालचाली याच.

हे सगळं नजरेच्या टप्प्यात. स्क्रीनकडे दोन सेकंद, ड्रोनकडे दहा सेकंद. सोबत एक माणूस फक्त आकाशाकडे आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांकडे बघायला ठेवा.

सोल्डरिंगवाला

दुरुस्तीच्या टेबलावर काय येतं त्यावरून सांगतो.

गार्ड लावू नका, निदान बाहेर तरी. 249 ग्रॅमवर गार्ड चढले की वजन 250 च्या पुढे आणि ड्रोन नॅनो राहत नाही, मायक्रोत जातो. दुसरं, गार्ड वारा धरतात, बॅटरी लवकर उतरते आणि वाऱ्यात ड्रोन जास्त कलतो. स्वयंपाकघरातल्या काट्यावर बॅटरी, कार्ड, सगळं लावून एकदा वजन करा. काही जण वर दिवा किंवा स्टिकर चिकटवतात आणि तेवढ्यात मर्यादा ओलांडतात.

पाती पाहा. प्रत्येक पात्याच्या कडेवरून नखाचं टोक हलकेच फिरवा. खाच लागली की पातं बदला, आणि त्या मोटरवरची दोन्ही पाती एकत्र बदला, एक जुनं एक नवं ठेवलं की तोल जातो. पाती दोन प्रकारची असतात, खूण असलेली आणि नसलेली. मोटरच्या दांड्यावर तीच खूण असते, ती जुळवा. अदलाबदल झाली तर ड्रोन उडताक्षणी पालथा होतो. स्क्रू सोबत आलेल्या पेचकसानेच आवळा. ढिला राहिला तर पातं थरथरतं आणि व्हिडिओ जेलीसारखा हलतो.

चालू करण्याआधी कॅमेऱ्यावरचं पारदर्शक झाकण काढा. ते तसंच ठेवून सुरू केलं की गिंबलची, म्हणजे कॅमेरा स्थिर धरणाऱ्या भागाची मोटर अडून जोर लावते आणि तिची रिबन केबल किंवा मोटर जाते. सगळ्यात जास्त टाळता येण्यासारखा खर्च हाच.

गच्चीबद्दल आणखी एक कारण. स्लॅबमध्ये सळई असते, वर लोखंडी टाकी, डिशचा खांब. ड्रोनमधलं होकायंत्र फसतं आणि ड्रोन एका जागी न थांबता गोल-गोल वाढत्या वर्तुळात फिरायला लागतो. वावरातही कांदाचाळीचे पत्रे, ट्रॅक्टर, बोअरचा केसिंग पाइप यांच्यापासून 10-15 मीटर लांब उडवा. होकायंत्राचं कॅलिब्रेशन ॲपने मागितलं तरच करा. दर वेळी करत बसलं आणि ते लोखंडाशेजारी केलं तर चांगलं असलेलं बिघडतं.

लाल कांद्याच्या वावरात फुफाटा फार. पात्यांचा वारा माती उडवतो आणि ती मोटरच्या चुंबकांना चिकटते, आपल्या मातीत लोहाचे कण असतात. खाली ताडपत्री किंवा जाड गोणपाट अंथरा, चारही कोपऱ्यांवर दगड ठेवा. मोकळं कापड नको, ते उडून पात्यांत जातं. हाताने झेलणं तर नकोच.

काटकोन

हाताने झेलण्याबद्दल सहमत, एक भर घालतो. उतरवताना थ्रॉटल, म्हणजे उंचीची डावी स्टिक, खाली धरून ठेवा, पाती पूर्ण थांबेपर्यंत सोडू नका. अर्धवट सोडलं की तो पुन्हा उसळी घेतो. आणि दोन्ही स्टिक खाली-आत ओढून मोटर सुरू करायची जी खूण आहे, ती हवेत कधीही करू नका. बऱ्याच मॉडेलांत तीच खूण हवेत मोटर बंद करते.

सरळ खाली वेगाने उतरवणंही टाळा. ड्रोन स्वतःच ढवळलेल्या हवेत बसतो, डगमगतो आणि थ्रॉटल देऊनही खाली जात राहतो. तिरकं, थोडं पुढे सरकत उतरवा.

मोरपीस

सगळ्यांचे मनापासून आभार. नकाशावर वावर हिरव्यात आहे. कडेला 11 केव्हीची लाइन जाते, बांधावर तीन नारळ साधारण 15 मीटरचे, आणि 300 मीटरवर मोठ्या लाइनचा टॉवर आहे, तो 35 मीटर तरी असेल. मग आरटीएचची उंची किती? आणि बॅटरी किती टक्क्यांपर्यंत वापरायची? सकाळी लवकर वारा नसतो, तेव्हा उडवावं का?

काटकोन

तुमची अंतराची मर्यादा 50 मीटर आहे तोवर टॉवर हिशोबात येतच नाही. उड्डाण विजेच्या लाइनच्या विरुद्ध कडेला, नारळांपासून लांब. आरटीएच 30 मीटर. पुढे टॉवरच्या दिशेने जायची वेळ आली तर 50, पण त्याआधी त्या दिशेला जायची खरंच गरज आहे का ते ठरवा. उगाच 100 ठेवू नका. चढायलाच अर्धा मिनिट जातो आणि वर वारा जास्त असतो.

तारा स्क्रीनवर दिसत नाहीत, हे कायम लक्षात ठेवा. खांब दिसला म्हणजे तार आहे असं धरा, आणि खांबाला दिलेली तिरकी ताणाची तार तर अजिबात दिसत नाही. लाइन ओलांडायची असेल तर खांबाच्या डोक्यावरून, कारण ती सगळ्यात उंच जागा असते.

बॅटरीचा नियम: सरावात 30 टक्क्यांवर खाली. 20 वर इशारा येतो, 10 च्या आसपास तो जबरदस्तीने उतरतो, मग खाली विहीर असो की शेततळं. तसं झालंच तर थ्रॉटल वर धरल्याने उतरणं लांबवता येतं आणि उजव्या स्टिकने बाजूला नेता येतं, पण तेवढाच वेळ.

वाऱ्याचा ढोबळ हिशोब करून बघा. नॉर्मल मोडमध्ये असा ड्रोन शांत हवेत ताशी 36 किमीपर्यंत जातो. समोरून 25 चा वारा असेल तर उरतात 11. म्हणजे 500 मीटर परत यायला शांत हवेत 50 सेकंद, वाऱ्यात पावणेतीन मिनिटं. आरटीएचही साधारण त्याच वेगाने येतं आणि तेही उंचावरून, जिथे वारा आणखी. म्हणून जाताना नेहमी वाऱ्याच्या तोंडावर जा, म्हणजे येताना वारा मदतीला असतो. अडकलातच तर आरटीएच रद्द करा, अडथळे पाहून खाली आणा आणि तेवढ्यापुरता स्पोर्ट मोड वापरा. झाडाच्या बारीक फांद्या हलायला लागल्या की वारा 20 च्या वर आहे, नवशिक्याने त्या दिवशी उडवू नये.

निफाडचा गारठा

बॅटरीचं आमच्याकडचं वेगळं सांगायला हवं. डिसेंबर-जानेवारीत निफाड तालुक्यात पहाटे पारा 10 च्या खाली सहज जातो. गार बॅटरी टक्के भरपूर दाखवते, पण जोर मागितला की व्होल्टेज एकदम पडतं आणि 40 टक्क्यांवरून इशारा वाजतो. रात्री बॅटऱ्या घरात ठेवा, वावरात नेताना खिशात. उडवल्यावर पहिला एक मिनिट दोन-तीन मीटरवर नुसता धरा, गरम होते. आणि सहाला नको, आठ-साडेआठला. धुकं आणि दवातून उडवलं की पात्यांवर आणि लेन्सवर पाणी धरतं. नऊनंतर वारा हळूहळू वाढतो, त्यामुळे हाच तासभर चांगला.

उडवून झाल्यावर गरम बॅटरी लगेच चार्जिंगला नको, हाताला गार लागू द्या. चार्जिंग फरशीवर, नजरेसमोर. दहा दिवस वापर नसेल तर 50-60 टक्क्यांवर ठेवा, भरून ठेवली की फुगते. जुन्या घेतल्या आहेत तर ॲपमध्ये दोन्ही सेलचं व्होल्टेज पाहा. फरक 0.1 व्होल्टच्या पुढे दिसला किंवा पोट फुगलेलं असेल तर ती बॅटरी हवेत नेऊ नका आणि कचऱ्यातही टाकू नका, ई-कचऱ्यात द्या.

बागेत खाली घुसायचा मोह आवरा. मांडवाच्या तारा, अँगल, बांबू, वरून पक्ष्यांची जाळी. जाळीत पातं अडकलं की मोटर जळते. ओळींवरून 8-10 मीटर उंचीने, ओळीच्या दिशेने संथ जा, चित्र तसंही तिथूनच छान येतं. फवारणी चालू असेल तर थांबा, ब्लोअरचे तुषार लेन्सवर वाळले की पुसताना कोटिंग जातं. शेततळ्यावर खूप खाली नेऊ नका. खालचे सेन्सर पाण्याच्या चकाकीने फसतात आणि उंची सोडतात, निदान 4-5 मीटर ठेवा.

घार आली तर खाली पळवू नका. घार वरून झडप घालते, तिला तितक्या वेगाने वर चढता येत नाही, म्हणून सरळ वर जा आणि मग लांबून वळसा घेऊन उतरा. ती पुन्हा आली तर त्या दिवशीचं उडवणं बंद, आसपास घरटं असणार.

संक्रांतीचं मुद्दाम सांगतो. येवल्यात भोगी, संक्रांत, कर असे तिन्ही दिवस पतंग असतात आणि आसपासच्या गावांतही आधीपासून सुरू होतात. मांजा कॅमेऱ्यात दिसतच नाही. नायलॉनचा असेल तर तुटत नाही, मोटरच्या दांड्याभोवती गुंडाळतो आणि ड्रोन दगडासारखा खाली येतो. त्या आठवड्यात पेटीतच राहू द्या. नंतरही काही दिवस झाडांना आणि तारांना लोंबणारे तुकडे असतात. उडवून आणल्यावर मोटरच्या खाली धागा अडकलाय का ते चिमट्याने बघा.

मोरपीस

म्हणजे बागेचा व्हिडिओ संक्रांतीनंतर, जानेवारीच्या शेवटी. एकच राहिलं: इतकं करूनही ड्रोन बागेत कुठेतरी पडला तर?

सोल्डरिंगवाला

रिमोट बंद करू नका. ॲपमध्ये 'ड्रोन शोधा' असा पर्याय असतो, त्यात शेवटची जागा नकाशावर दिसते आणि बॅटरी शिल्लक असेल तर दिवे लावून आवाज करता येतो. नकाशाचा स्क्रीनशॉट लगेच काढा. बागेत ओळी सारख्याच दिसतात, म्हणून त्या बिंदूपासून दोन्ही बाजूंच्या तीन-तीन ओळी, मांडवाच्या वरून आणि खालून दोन्हीकडून बघा. तारेवर अडकला असेल आणि ती विजेची असेल तर काठी-बांबू घेऊन चढू नका, महावितरणला कळवा. सापडल्यावर लगेच उडवून बघायचा नाही. आधी बॅटरी काढा, पाती बदला, दांड्यांना चिरा आहेत का पाहा, प्रत्येक मोटर बोटाने फिरवा. खरखर लागली किंवा एखादी इतरांपेक्षा जड फिरली तर ती मोटर बदलल्याशिवाय पुन्हा हवेत नेऊ नका.